पावसाळ्यात इलेक्ट्रोस्पिनिंग बिघडलं तेव्हा (माझा अनुभव)

उन्हाळाभर गुण्यागोविंदानं चाललेलं आमचं इलेक्ट्रोस्पिनिंगचं यंत्र (उच्च व्होल्टेजनं सुईतल्या द्रावणाचे अतिसूक्ष्म तंतू ओढणारं) जुलैत रुसलं. तेच १० टक्के पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) द्रावण, तेच १५ किलोव्होल्ट, सुई ते कलेक्टर (तंतू जमा होतात तो फॉइल लावलेला भाग) तेच १५ सेंटिमीटर. पण फॉइलवर पांढऱ्या तलम थराऐवजी ओलसर डाग. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मणीच मणी (तंतूंवरचे द्रावणाचे गोळे), आणि तंतू एकमेकांना चिकटलेले.

आधी व्होल्टेज वाढवलं. ती चूकच, सुईच्या टोकाचा टेलर कोन (द्रावणाचा शंकू, ज्यातनं तंतू निघतो) स्थिर राहीना. सुई बदलली, द्रावण ८५ अंशांवर ढवळून नव्यानं केलं. ढिम्म फरक नाही. शेवटी लॅबमधले मामा म्हणाले, "पंचगंगा पात्राबाहेर आलीय, घरात मिठाला पाणी सुटलंय, तुमचं यंत्र काय आभाळातनं पडलंय व्हय?"

आर्द्रतामापक ठेवला : ८४ टक्के! पीव्हीएचं द्रावक पाणीच. हवा अशी गच्च असली की ते वाटेत उडणार कसं? तंतू कलेक्टरवर ओलाच पोचतो.

मग यंत्राच्या पेटीच्या दाराला रबरी पट्टी लावली, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचे दोन ट्रे ठेवले आणि तासभर थांबलो. आर्द्रता ४५च्या आसपास आल्यावरच वीजपुरवठा सुरू केला. कलेक्टरच्या अर्थिंगचा क्लॅम्पही गंजला होता, तो पॉलिश पेपरनं घासला. (दार उघडण्याआधी पुरवठा बंद करून सुईला अर्थची दांडी टेकवायचीच, घाई नको.)

दुपारपर्यंत फॉइलवर थर धरला, मणी जवळपास गेले. सिलिका मात्र निळी होती ती ओलावा पिऊन गुलाबी झाली. आता रोज संध्याकाळी ती वाळवायला ११० अंशांवर ओव्हनमध्ये टाकतो.