स्नायूंच्या स्लाइड ओळखताना या चुका टाळा

स्नायूंचे प्रकार तीन. शाळेत पट्टकी, अपट्टकी आणि हृद् स्नायू म्हणून पाठ केलेले, पहिल्या वर्षाला आल्यावर स्केलेटल, स्मूथ आणि कार्डियाक झालेले. पर्याय एवढे कमी असताना डोळे मिटून उत्तर ठोकलं तरी तीनात एकदा बरोबर यावं. पण स्पॉटिंगचे, म्हणजे स्लाइड बघून नाव लिहायच्या परीक्षेचे, पेपर तपासायला घेतले की स्केलेटलच्या जागी स्मूथ, स्मूथच्या जागी टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर, स्नायूच नव्हे) आणि कार्डियाकच्या जागी वाट्टेल ते सापडतं. हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, लॅबमध्ये दर वर्षी बॅच नवी येते, चुका त्याच असतात.

पट्टे दिसले नाहीत, म्हणजे स्मूथ

सगळ्यात जास्त मार्क हीच चूक खाते. स्केलेटल स्नायूला आडवे पट्टे असतात, हे सगळ्यांना येतं. ते पट्टे कधी दिसतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही. उसाची मोळी आडवी कापली तर समोर नुसत्या गोल चकत्या येतात, कांड्यावरच्या पेरांच्या रेषा दिसत नाहीत. स्नायूच्या आडव्या छेदात तेच होतं. तंतू लांबीत कापला असेल तरच पट्टे दिसणार. आडव्या छेदात ते शोधत बसायचं आणि मिळाले नाहीत की ‘स्मूथ’ लिहून पुढच्या टेबलावर पळायचं, हा घाईचा कारभार आहे.

आडव्या छेदात केंद्रकाकडे बघा. स्केलेटलचे तंतू जाड, कोनदार आणि साधारण एका मापाचे असतात, केंद्रकं अगदी कडेला, पटलाला चिकटून. कार्डियाकमध्ये केंद्रक मध्यभागी, आणि तंतूंचे आकार वेडेवाकडे, कारण त्यांना फाटे फुटलेले असतात. स्मूथमध्ये लहानमोठी वर्तुळं शेजारी शेजारी दिसतात. काहींत मधोमध केंद्रक, बऱ्याचशांत काहीच नाही. पेशी दोन्ही टोकांना निमुळती असते ना, सुरी मधून गेली तर केंद्रक सापडतं, टोकाजवळून गेली तर नुसता ठिपका.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी छेद उभा की आडवा, मग केंद्रक कुठे आणि किती, पट्टे सगळ्यात शेवटी. मुलांना हा क्रम उलटा वाटतो, कारण क्लासच्या नोट्समध्ये पट्टे पहिल्या ओळीत असतात. म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलला मी जिभेची स्लाइड लावते. जिभेतले स्नायू तिन्ही दिशांनी विणलेले असल्यामुळे एकाच नजरेत उभे तंतू पट्ट्यांसकट आणि आडवे तंतू बिनपट्ट्यांचे दिसतात. दोन्ही स्केलेटलच. ही एक स्लाइड दहा मिनिटं नीट बघितली, तर वर्षभराचा गोंधळ वाचतो. दहा मिनिटं बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

उभा छेद आहे, तरी पट्टे दिसत नाहीत

मायक्रोस्कोपचा दिवा फुल्ल, कंडेन्सरचा आयरिस (प्रकाश कमीजास्त करणारी झडप) सताड उघडा, वर १०एक्सचं लेन्स, आणि तक्रार स्लाइडची. अहो, एक सार्कोमिअर, म्हणजे पट्ट्यांचा एक घास, जेमतेम २ ते २.५ मायक्रोमीटरचा असतो. ४०एक्सवर या, आयरिस हळूहळू बंद करत न्या, बारीक फोकसचं चाक पुढे-मागे हलवत राहा. प्रकाश कमी झाला की पट्टे उमटतात. उजेड जितका जास्त तितकं चांगलं दिसतं, हा समज घरून आणलेला असतो आणि तो जाता जात नाही.

पट्टे दिसले, म्हणजे स्केलेटल

ही उलटी चूक, आणि जास्त घातक, कारण इथे मुलं भांडायला उठतात. एका बॅचमधला एक हुशार मुलगा लहान आतड्याच्या, म्हणजे स्मूथ स्नायूच्या, स्लाइडवर अडून बसला होता. भिंतीतल्या स्नायूत पट्टे आहेत म्हणे. त्याने फोन आयपीसला लावून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि मी टेबलापाशी पोचेपर्यंत अर्ध्या वर्गाच्या जर्नलमध्ये आतड्याच्या भिंतीत स्केलेटल स्नायू आला होता. लेबलसकट, पेन्सिलीने छान छायाही दिलेली.

मी त्याला काही सांगितलं नाही. स्टेज हळूहळू सरकवायला लावली, एवढंच. पट्टे स्नायूच्या थरातून निघाले, शेजारच्या सबम्युकोझा नावाच्या थरात शिरले आणि तिथेही तसेच समांतर चालत राहिले. सबम्युकोझा संयोजी ऊतीचा, तिथे स्नायूचे पट्टे येतील कुठून? ते मायक्रोटोमचे, म्हणजे ऊतीचे पातळ काप करणाऱ्या यंत्राचे, होते. पातं नीट आवळलेलं नसेल किंवा पॅराफिनचा ब्लॉक फार कडक झाला असेल, तर पातं कापताना थरथरतं आणि सेक्शनभर आडव्या रेषा उमटतात. लॅबमध्ये याला चॅटर म्हणतात. खरे पट्टे तंतूच्या लांबीला काटकोनात असतात आणि तंतूची कड आली की थांबतात. चॅटरच्या रेषा रुंद असतात आणि वाटेत काय लागतं त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

एवढं दाखवून झाल्यावर तो म्हणाला, “पण मॅडम, पट्टे तर आहेत ना?”

एक खूण मिळाली की बाकीची स्लाइड बघायचीच नाही, हा खरा रोग. फोनवरच्या फोटोने तो वाढवला. फोटोत फोकस एकाच पातळीवर गोठलेला असतो, स्टेज सरकवता येत नाही, आणि ग्रुपवरच्या पहिल्या कॉन्फिडंट मेसेजला बाकीचे मान डोलावतात.

स्मूथ आणि टेंडन

एच अँड ई या नेहमीच्या रंगात दोन्ही गुलाबी, दोन्ही समांतर, दोन्ही बिनपट्ट्यांचे. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. केंद्रकं मोजल्यासारखी बघा. स्मूथमध्ये ती भरपूर असतात, लांबट, बोथट टोकांची, आणि पेशीच्या आत बसलेली. टेंडनमध्ये मोजकी, बारीक, चपटी, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या जुड्यांमध्ये दबून ओळीने लागलेली. आकुंचन पावलेल्या स्मूथ पेशीचं केंद्रक पिळवटलेलं दिसतं, तसं दिसलं की मी निर्धास्त होते. लॅबमध्ये मॅसन ट्रायक्रोम हा खास रंग केलेली स्लाइड असेल तर प्रश्नच मिटला: स्नायू लाल, कोलॅजेन निळं किंवा हिरवं. पण परीक्षेत ती मिळेल या भरवशावर राहू नका.

‘अनैच्छिक’ म्हणजे स्मूथ नव्हे

कार्डियाकला पट्टे आहेत आणि तो अनैच्छिक आहे, एवढ्याने तरी हे समीकरण मोडायला हवं होतं. डायफ्रॅम, श्वासाचा पडदा, स्केलेटल आहे, आणि झोपेत श्वास चालूच राहतो. कानातला स्टेपिडियसही स्केलेटल. मोठा आवाज झाला की तो आपोआप आवळतो, तुमची परवानगी घेत नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, माझा लाडका प्रश्न अन्ननलिकेचा. वरच्या भागात स्केलेटल, मधल्या भागात दोन्हींची सरमिसळ, खालच्या भागात स्मूथ. म्हणजे ‘अन्ननलिकेत कोणता स्नायू’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणारा चुकलाच. त्याने आधी ‘कुठल्या भागात?’ असं विचारावं, मी खूश होते. वरच्या पापणीतही असंच. ती उचलणारा मुख्य स्नायू लेव्हेटर स्केलेटल, आणि त्याच्या जोडीला म्यूलरचा छोटा स्मूथ स्नायू, सिम्पथेटिक नसांच्या (आपोआप काम करणाऱ्या नसांचा एक गट) ताब्यातला. हॉर्नर सिंड्रोममध्ये पापणी थोडीशीच उतरते, पूर्ण मिटत नाही, ती यामुळे. सिम्पथेटिक पुरवठा गेलेला असतो, लेव्हेटर शाबूत असतो.

कार्डियाकबद्दलच्या अफवा

मेंदूने हुकूम दिल्यावर हृदय धडधडतं, असं व्हायवाला अजून ऐकायला मिळतं. ठोका एसए नोडमध्ये, हृदयातल्याच एका गाठीत, तयार होतो. नसा त्याचा वेग फक्त कमीजास्त करतात. १९६७ साली केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसात हृदय बसवलं तेव्हा नसा जोडल्या नव्हत्या, आणि तरी ते चाललं. बदललेलं हृदय विश्रांतीतही जरा जोरात, साधारण मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं, कारण वेग आवरणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम सुटलेला असतो.

पर्किंजे फायबर म्हणजे नस नव्हे. तोही हृदयाचाच स्नायू, एंडोकार्डियमच्या (हृदयाच्या आतल्या अस्तराच्या) खाली, शेजारच्या तंतूंपेक्षा जाड आणि फिकट, कारण आत ग्लायकोजेन जास्त आणि आकुंचन करणारे धागे, मायोफिब्रिल, कमी. पर्किंजे या शास्त्रज्ञाने ते १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात पाहिले. सेरिबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) पर्किंजे पेशी त्यांच्याच, पण त्या चेतापेशी. नाव एक म्हणून दोन्हींची उत्तरं एकत्र शिजवू नका.

इंटरकॅलेटेड डिस्क, म्हणजे दोन हृद् पेशींमधल्या जोडाची रेघ, दिसली नाही म्हणून कार्डियाक नाकारू नका. साध्या एच अँड ईमध्ये ती बरेचदा पुसट असते. फाटे आणि मधलं केंद्रक पुरेसं आहे.

थोडक्यात आवरण्यासारख्या

आकुंचनात सार्कोमिअरमधला गडद पट्टा, ए बँड, आखूड होत नाही. फिकट आय बँड आणि ए बँडच्या मधला एच झोन होतात. १९५४ पासून हे माहीत आहे, तरी आकृतीत तिन्ही आखूड.

स्मूथमध्ये ॲक्टिन आणि मायोसिन ही आकुंचनाची प्रथिनं दोन्ही असतात. नसतो तो ट्रोपोनिन. पट्टे नाहीत कारण मांडणी रांगेत नाही.

लाल आणि पांढरे तंतू म्हणजे चौथा-पाचवा प्रकार नव्हे. कोंबडीची तंगडी गडद आणि छातीचा तुकडा पांढरा, दोन्ही स्केलेटलच.

स्मूथ पेशी नेहमी इवलीशी नसते. बारीक रक्तवाहिनीत २० मायक्रोमीटर, गरोदर गर्भाशयात ५०० पर्यंत.

स्लाइड नाही, ओरखडे पाठ करणं

‘कोपऱ्यात बुडबुडा असलेली ती कार्डियाक, लेबल तिरकं लावलेली ती स्मूथ.’ सीनिअर हे ज्युनिअरला प्रेमाने सांगतात आणि वर त्याला ट्रिक म्हणतात. त्या मुलांना मायक्रोस्कोपला डोळा लावायचीही गरज पडत नाही. माझा उपाय साधा आहे. परीक्षेला मी बुडबुडेवाल्या दोन स्लाइड ठेवते. एक कार्डियाकची, दुसरी मूत्राशयाची, म्हणजे स्मूथची.