थ्रीडी मॉडेलची फाइल वाचून चित्र काढताय? या चुका टाळा

मॉडेल लोड झालं, एकही एरर आली नाही, आणि स्क्रीनवर काहीच नाही. किंवा आहे, पण भोकं पडलेलं, काळंकुट्ट, नाहीतर काटेरी गोळ्यासारखं. सोलापुरात इंजिनिअरिंगची शेवटच्या वर्षाची मुलं भुईकोट किल्ल्याचा बुरूज, सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, गेला बाजार स्वतःच्या कॉलेजची इमारत थ्रीडीत उभी करायला घेतात. मग सबमिशन जवळ आलं की फोन सुरू होतात: "सर, शेडरमध्ये कायतरी गडबड आहे की ओ." बहुतेक वेळा शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम, बिचारा निर्दोष असतो. चूक फाइल वाचतानाच झालेली असते, फक्त दिसते चित्र काढताना. त्यामुळे खाली पार्सरबद्दल (फाइल वाचणाऱ्या कोडबद्दल) बरंच आणि शेडरबद्दल जवळपास काहीच नाही.

मोजणी एकपासून, आणि उलटीसुद्धा

ओबीजे हा वेव्हफ्रंट कंपनीचा जुना, साधा मजकुराचा फॉरमॅट. 'व्ही'ने सुरू होणारी ओळ म्हणजे एक बिंदू, 'एफ'ने सुरू होणारी म्हणजे एक पृष्ठ, आणि ते पृष्ठ कोणकोणत्या क्रमांकाच्या बिंदूंनी बनलं हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. (फाइलमध्ये अक्षरं अर्थातच रोमन.) क्रमांक १ पासून सुरू होतात, तुमचा अ‍ॅरे ० पासून. एक वजा करायचा राहिला की काटेरी गोळा तयार. हे बहुतेकांना माहीत असतं.

फसतात ते ऋण क्रमांकांना. -१ म्हणजे त्या ओळीपर्यंत वाचलेल्यांपैकी शेवटचा बिंदू; संपूर्ण फाइलमधला शेवटचा नव्हे. आधी सगळे बिंदू गोळा करून पृष्ठं नंतर सोडवायची अशी रचना केली असेल तर इथे हमखास गोंधळ होतो. ओळ वाचली त्याच क्षणी खरा क्रमांक ठरवा: धन असेल तर एक वजा, ऋण असेल तर तोवर वाचलेल्या बिंदूंच्या संख्येत मिळवा. टेक्श्चरचे (पृष्ठावर चिकटवायच्या चित्राचे) आणि नॉर्मलचे (पृष्ठाचं तोंड कुठे ते सांगणाऱ्या दिशेचे) क्रमांक स्वतंत्र मोजले जातात, हेही ध्यानात ठेवा.

आकार बरोबर, टेक्श्चरची खिचडी

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. ओबीजेमधल्या पृष्ठाच्या ओळीत प्रत्येक कोपऱ्याला तीन क्रमांक असू शकतात: ५/१२/३, म्हणजे पाचवा बिंदू, बारावा टेक्श्चर बिंदू, तिसरा नॉर्मल. ग्राफिक्स कार्डाला मात्र एका व्हर्टेक्ससाठी (बिंदू, टेक्श्चर, नॉर्मल मिळून बनलेल्या एका कोपऱ्यासाठी) एकच इंडेक्स, म्हणजे क्रमांक, कळतो. पुष्कळ जण पहिला क्रमांक इंडेक्स म्हणून वापरतात आणि बाकीचे दोन अ‍ॅरे फाइलमध्ये आले त्याच क्रमाने बफरमध्ये (कार्डाला द्यायच्या यादीत) ओततात. मग बुरुजाचा आकार अगदी बरोबर येतो आणि दगडांचं चित्र कुठल्या कुठे जातं.

साधा ठोकळा घ्या. कोपरे ८. पण प्रत्येक कोपऱ्यावर तीन बाजू मिळतात, तिन्हींची तोंडं तीन दिशांना, म्हणजे नॉर्मल तीन. धारदार कडा हव्या असतील तर ग्राफिक्स कार्डाला ८ नव्हे, २४ व्हर्टेक्स द्यावे लागतात. त्यासाठी एक डिक्शनरी ठेवा. तिची किल्ली म्हणजे तिन्ही क्रमांकांचं त्रिकूट, आणि किंमत म्हणजे नव्या बफरमधला इंडेक्स. किल्ली आधी आली असेल तर जुना इंडेक्स वापरा, नसेल तर नवा व्हर्टेक्स घाला. वीसेक ओळींचं काम आहे, पण त्याला फाटा देऊन लोक आठवडाभर शेडर उकरत बसतात.

असं केल्यावर व्हर्टेक्सची संख्या फुगते आणि दुसरा खड्डा समोर येतो. इंडेक्स १६ बिटांचे ठेवले असतील तर ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही, तो गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. अर्धं मॉडेल सुबक आणि उरलेल्या अर्ध्याचे त्रिकोण सुरुवातीच्या बिंदूंकडे ओढलेले दिसले, तर दुसरं काही तपासायच्या आधी हे तपासा. इंडेक्स ३२ बिटांचे करा. वेबजीएल (ब्राउझरमध्ये थ्रीडी काढायची सोय) १ मध्ये त्यासाठी एक्स्टेन्शन सुरू करावं लागतं, वेबजीएल २ मध्ये ती सोय मुळातच आहे.

जाता जाता: पृष्ठाला तीनपेक्षा जास्त कोपरे असू शकतात. पहिला कोपरा धरून पंख्यासारखे त्रिकोण पाडणं सोपं, पण ते फक्त बहिर्वक्र आकाराला चालतं. इंग्रजी एल आकाराच्या गच्चीवर असे त्रिकोण पाडले तर मोकळ्या कोपऱ्यावरही स्लॅब पडतो. तिथे इअर क्लिपिंग (एकेक कोपरा कापत त्रिकोण पाडायची रीत) वापरा, किंवा एक्स्पोर्ट करतानाच त्रिकोण पाडून घ्या. विद्यार्थ्यांना मी दुसरा मार्ग सांगतो.

एसटीएल: पहिल्या शब्दावर विश्वास ठेवू नका

एसटीएल हा थ्रीडी प्रिंटसाठी वापरला जाणारा, नुसत्या त्रिकोणांचा फॉरमॅट. त्याची फाइल मजकुराचीही असते आणि बायनरीही. मजकुराची फाइल 'सॉलिड' या शब्दाने सुरू होते, म्हणून पार्सर तेवढंच बघून निर्णय घेतात. पण बायनरी फाइलच्या सुरुवातीला ८० बाइटचं हेडर असतं, त्यात काहीही लिहिता येतं, आणि काही सॉफ्टवेअर नेमका तोच शब्द लिहून ठेवतात. खात्रीचा मार्ग फाइलच्या आकाराचा. हेडर ८०, त्रिकोणांची संख्या सांगणारे ४, आणि प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. म्हणजे १२ त्रिकोणांचा ठोकळा बरोबर ६८४ बाइटचा. हिशेब जुळला तर फाइल बायनरी समजा.

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये हे ५० बाइट थेट स्ट्रक्टमध्ये वाचू नका. १२ फ्लोट (चार बाइटांचे दशांश आकडे) आणि एक दोन बाइटांचा आकडा मिळून ५० होतात खरे, पण कंपायलर अलाइनमेंटसाठी (चारच्या पटीत बसवायला) स्ट्रक्ट ५२ चा करतो. पहिला त्रिकोण जागेवर आणि दुसऱ्यापासून पुढे सगळं उधळलेलं, ही याची खूण. एकेक फील्ड वेगळं वाचा. आणि फाइलमधले नॉर्मल शून्य निघाले तर नवल मानू नका; दोन कडांच्या क्रॉस प्रॉडक्टवरून स्वतः काढा.

पाटी उलटी वाचली जाते

ब्लेंडर या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा झेड, जीएलटीएफ या फाइल फॉरमॅटमध्ये वाय. मॉडेल आडवं पडलेलं दिसलं की मुलं वाय आणि झेडची अदलाबदल करून मोकळी होतात. मॉडेल उभं राहतं, पण ते आता आरशातलं प्रतिबिंब असतं. बुरूज गोल, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. एका मॉडेलमध्ये प्रवेशद्वारावर 'सोलापूर' अशी पाटी होती म्हणून ते उघडकीला आलं: 'र' डावीकडे, 'सो' उजवीकडे, काने-मात्रे सगळे उलटे. अदलाबदल करताना एका अक्षाचं चिन्हही बदला: नवा वाय म्हणजे जुना झेड, नवा झेड म्हणजे उणे जुना वाय.

नुसत्या अदलाबदलीने त्रिकोणांच्या कोपऱ्यांचा फेराही उलटतो. ओपनजीएल मुळात घड्याळाच्या उलट्या दिशेचा फेरा पुढची बाजू मानतं. मागची पृष्ठं गाळायची सोय सुरू असेल तर भिंती गायब होतात आणि आतली बाजू दिसू लागते. मग कुणीतरी ती सोयच बंद करून टाकतं. लक्षण जातं, दुखणं राहतं.

टेक्श्चर नुसतं वर-खाली उलटं असेल तर कारण वेगळं: ओबीजेमध्ये टेक्श्चरचा उगमबिंदू खाली डावीकडे, जीएलटीएफमध्ये वर डावीकडे. एकातून दुसऱ्यात नेताना टेक्श्चर बिंदूच्या दुसऱ्या, उभ्या आकड्याच्या (त्यालाही व्हीच म्हणतात) जागी एक वजा तो आकडा घ्या.

कॅमेरा हलवला की बुरूज थरथरतो

सर्व्हेचा डेटा वापरणाऱ्यांसाठी खास. सोलापूर यूटीएमच्या (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशा पद्धतीच्या) ४३ व्या झोनमध्ये येतं आणि इथला उत्तरेचा आकडा साडेएकोणीस लाख मीटरच्या आसपास असतो. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये एवढ्या मोठ्या आकड्यांपाशी दोन शेजारच्या किमतींमधलं अंतर १२.५ सेंटिमीटर पडतं. दगडाच्या सांध्याची नक्षी त्यात कुठून टिकणार? कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि कॅमेऱ्यासोबत थरथरतात. आकडे डबलमध्ये (६४ बिटांत) वाचा, बाउंडिंग बॉक्सचा (मॉडेल जेमतेम मावेल अशा खोक्याचा) मध्य वजा करा, मगच फ्लोट करा. वजा केलेला मध्य वेगळा जपून ठेवा, नकाशावर परत बसवताना लागतो.

मॉडेलमधून कोड तयार करताना

काहींना फाइलच नको असते. स्क्रिप्टने मॉडेल वाचायचं आणि आकडे अ‍ॅरे म्हणून सोर्स कोडमध्ये लिहून टाकायचे. मायक्रोकंट्रोलरवर किंवा छोट्या डेमोला हे ठीक आहे. मोठ्या मॉडेलला करू नका. जावामध्ये एका मेथडचा बाइटकोड ६४ केबीच्या आत असावा लागतो, आणि अ‍ॅरेतले आकडे भरणारा कोडही त्यातच मोजला जातो. फ्लोटचे आठेक हजार आकडे झाले की कंपायलर 'कोड टू लार्ज' म्हणून हात वर करतो. चादरीच्या जॅकार्ड मागावर नवी नक्षी हवी असली तर कार्डांची माळ बदलतात, माग पुन्हा बांधत नाहीत. तसंच करा: चित्र काढणारा कोड तयार करा, आकडे वेगळ्या बायनरी फाइलमध्ये ठेवा.

तरीही आकडे कोडमध्ये लिहायचेच असतील तर सी भाषेत 'एक'पुढे थेट एफ लावलेला चालत नाही, दशांश चिन्ह लागतं. साध्या टक्का-एफने छापलं तर दशांशानंतर सहाच अंक येतात आणि बारीक आकडे शून्य होतात. फ्लोट जसाच्या तसा परत मिळायला नऊ सार्थ अंक छापा. आणि खास आपल्यासाठीची गंमत: मशीनचा लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी असेल तर जावाचं स्ट्रिंग फॉरमॅट १.५ देवनागरीत छापू शकतं. दिसतं छान, पण कंपायलर ते घेत नाही. फॉरमॅट करताना लोकेल रूट स्पष्ट द्या.

किरकोळ, पण रात्र घालवणाऱ्या

विंडोजवर तयार झालेल्या फाइलच्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न उरतं आणि मटेरियलचं नाव जुळत नाही. ओळ ट्रिम करा. 'व्ही'नंतर दोन स्पेस असू शकतात, म्हणून एकाच स्पेसवर स्प्लिट करू नका. लहान आकडे घातांकाच्या रूपात येतात, घरी बनवलेला रेग्युलर एक्स्प्रेशन तिथे तोंडघशी पडतो. लिनक्स सर्व्हरवर टेक्श्चरच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल जुळायलाच हवं.

चित्राआधी आकडे

पार्सर झाला की लगेच चित्र काढू नका. बिंदू किती, त्रिकोण किती, सगळ्यात मोठा इंडेक्स कोणता, बाउंडिंग बॉक्स केवढा, हे छापा. सगळ्यात मोठा इंडेक्स व्हर्टेक्सच्या संख्येपेक्षा बरोबर एकने कमी नसेल तर तिथेच थांबा. सुरुवात ठोकळ्यापासून करा. त्याची उत्तरं हाताने काढता येतात. नंतर नॉर्मललाच रंग मानून रंगवा. ठोकळ्याची प्रत्येक बाजू एकाच सपाट रंगाची दिसली पाहिजे, रंग एकमेकांत मिसळत असतील तर डिक्शनरीची किल्ली चुकली आहे.

बाउंडिंग बॉक्स थ्रीडी प्रिंटच्या वेळीही कामाला येतो. एसटीएल आणि ओबीजेमध्ये एकक लिहिलेलं नसतं. जीएलटीएफचे आकडे मीटरमध्ये, आणि प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर सहसा एसटीएलमधला आकडा मिलिमीटर समजतं. म्हणजे १२ मीटरचा बुरूज १२ मिलिमीटरचा, शेंगदाण्याएवढा छापून येतो. १:१०० प्रमाणात हवा असेल तर मीटरमधल्या आकड्यांना १० ने गुणा, बॉक्सची उंची १२० आल्याची खात्री करा, आणि मग पेन ड्राइव्ह दुकानात द्या.