गळाच्या तलावात कार्प किती सोडावेत?

कर्जत किंवा शहापूरकडे जमीन घेऊन तळे बांधणाऱ्या मुंबईकराला मत्स्यबीज केंद्रावर बहुधा मत्स्यशेतीचेच प्रमाण सांगितले जाते, म्हणजे हेक्टरी 5,000 ते 10,000 बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले). हे प्रमाण रोज पेंड आणि कोंडा घालून वर्षाअखेरीस जाळे ओढणाऱ्यासाठी आहे. गळाला मोठा मासा लागावा अशी इच्छा असेल, तर खाद्य न घालता हेक्टरी 500 ते 1,000 बोटुकली पुरेत, असे माझे मत आहे. हेक्टर मोजताना गणपतीतले भरलेले पाणी न धरता मे महिन्यात उरणारे पाणी धरावे.

चांगल्या तळ्यात कटला वर्षभरात सुमारे एक किलो भरतो, रोहू त्याहून कमी आणि मृगळ आणखी कमी. कोकणपट्टीत पाणी फारसे गार होत नसल्याने वाढ वर्षभर चालू राहते, म्हणून युरोपातल्या थंड तळ्यांचे आकडे इथे लावू नयेत. मात्र गर्दी झाली की मासा जगतो, पण वाढत नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, त्यामुळे थोडी खुंटलेली लांबीसुद्धा काट्यावर फार मोठी तूट दाखवते.

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे 40, 30 आणि 30 टक्के हे प्रमाण सोयीचे पडते. सायप्रिनस, म्हणजे परदेशी कॉमन कार्प, टाळावा. कटला, रोहू, मृगळ या देशी कार्पना प्रजननासाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते आणि साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, पण सायप्रिनस तिथेच अंडी घालतो आणि आपण ठरवलेली संख्या कागदावरच राहते. तिलापियाचेही तेच.

पावसाचा जोर ओसरल्यावर आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली सोडावी, कारण त्याहून लहान पिल्ले मरळ सहज गिळतो. सकाळच्या गारव्यात पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिशवी आडवी करून बोटुकली आपणहून बाहेर पडू द्यावी, ओतू नये.

वर्षभराने फेकजाळे टाकून काही मासे तोलून पाहावेत. कटल्याची सरासरी अर्ध्या किलोच्या आत आली, तर त्या वर्षी नवे बीज अजिबात सोडू नये आणि गळाला लागलेले लहान मासे काढून घ्यावेत.