देठ परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातील द्राक्ष बागायतदारांना देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातील अन्नद्रव्ये प्रयोगशाळेत मोजणे, नवे नाही. परंतु अहवालातील एकेक आकडा सुटा वाचून खताची मात्रा ठरवली जाते आणि तिथेच गफलत होते. वेलीला एक अन्नद्रव्य कमी पडले की देठातील इतर अन्नद्रव्यांचे प्रमाणही बदलते, म्हणून कमतरता नेमकी कशाची आहे हे सर्व आकडे शेजारी ठेवूनच ठरवावे.

खरड छाटणीनंतर (नव्या काड्या तयार करण्यासाठी उन्हाळ्यात होणारी छाटणी) सुमारे ४५ दिवसांनी, सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात, म्हणजे डोळ्यांत पुढच्या घडांची सुरुवात होत असताना, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यावा. फळछाटणीनंतर (घड मिळवण्यासाठी होणारी दुसरी छाटणी) मात्र पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घ्यावा. बांधाकडेच्या वेली सोडून, बागेत नागमोडी फिरून शंभरावर देठ गोळा करावेत. डॉगरिज खुंटावर (कलमासाठी वापरलेल्या दुसऱ्या जातीच्या मुळांवर) वाढलेल्या आणि स्वमुळावरील वेलींचे नमुने एकत्र करू नयेत. पान तोडताच पाते देठापासून वेगळे करावे आणि देठ कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये ते घामेजून कुजतात. नमुना फवारणीपूर्वी घेणे फार महत्त्वाचे आहे: मॅन्कोझेब या बुरशीनाशकात मँगनीज व जस्त असते, बोर्डो मिश्रणात तांबे असते, आणि देठावर राहिलेला हा अंश अहवालात वेलीचे पोषण म्हणून मोजला जातो.

अहवाल आल्यावर प्रथम पालाश (पोटॅशियम) पाहावे. मुळांतून आत शिरताना पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची आपसांत स्पर्धा असते. त्यामुळे पालाश कमी असलेल्या बागेत उरलेली दोन्ही वाढलेली दिसू शकतात. उलट सल्फेट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खताचा मारा झालेल्या बागेत मॅग्नेशियम घसरते आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडू लागतो. नत्र (नायट्रोजन) कमी असेल तर वाढ खुंटते आणि त्या थोड्या वाढीत इतर अन्नद्रव्ये दाटतात; अशा वेळी त्यांचे आकडे पुरेसे दिसले तरी त्यावर विसंबू नये. स्फुरद (फॉस्फरस) अतिरिक्त असल्यास जस्ताचा आकडा जरूर तपासावा, कारण त्यामुळे जस्त कमी पडू शकते.

लोहाच्या बाबतीत आकड्यापेक्षा वेल अधिक खरे सांगते, असे माझे मत आहे. चुनखडीयुक्त जमिनीत शेंड्याची पाने पिवळी व शिरा हिरव्या असतानाही एकूण लोह पुरेसे निघू शकते, कारण ते ऊतींत असूनही वेलीला वापरता येत नाही.

दोन्ही छाटण्यांची प्रमाणके (योग्य मानलेले आकडे) वेगळी असल्याने खरड छाटणीनंतरच्या अहवालाची तुलना मागील वर्षीच्या त्याच अवस्थेतील अहवालाशीच करावी.