ओटीवरच्या उजेडापासून सुरुवात: गावातल्या ज्येष्ठांसाठी फोटोग्राफीचा वर्ग कसा चालवावा

कोकणातल्या गावात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना फोटोग्राफी शिकवताना अडतं ते बोटांपाशी, चष्म्यापाशी आणि फोनच्या सेटिंगपाशी. एवढं आधी सोडवलं की पुढचं ही मंडळी भराभर उचलतात. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ऊन कसं सरकतं, पाऊस यायच्या आधी समुद्राचा रंग कसा बदलतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून वर्गाची आखणी कॅमेऱ्याच्या मेनूपासून करू नये, घराच्या ओटीपासून करावी.

एका वर्गात आठ ते दहा जण घ्यावेत. एक शिकवणारा आणि दोन मदतनीस, कॉलेजात जाणारी मुलं-मुली असली तर उत्तम. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, असे आठ वर्ग पुरतात. मध्ये दहा मिनिटं चहा, त्यातली एक किटली बिनसाखरेची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. हवा कोरडी असते, ऊन तिरपं असतं आणि भातकापणी आटोपून माणसं जराशी मोकळी झालेली असतात. जागा वाचनालयाची, शाळेची किंवा देवळाच्या सभामंडपाची चालेल. पाहायचं एवढंच की उजेड एका बाजूने येतो का, पाठ टेकायला खुर्च्या आहेत का आणि स्वच्छतागृह जवळ आहे का. सूचनांचा कागद अठरा ते वीस पॉइंटच्या अक्षरात छापावा, काळ्यावर पांढरं नको, पांढऱ्यावर काळंच.

मदतनिसांना एकच नियम: हात पाठीमागे. काकींना बटण सापडलं नाही की मुलं पटकन फोन काढून घेतात, स्वतः फोटो काढून परत देतात. फोटो होतो, पण काकी काहीच शिकत नाहीत, आणि पुढच्या वेळी त्या स्वतःहून फोन पुढे करतात. तोंडाने सांगावं, बोटाने दाखवावं, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. हाकही गावात मारतात तीच मारावी: तात्या, अण्णा, वहिनी, काकी.

पहिला वर्ग: फोन तयार करणं

या दिवशी फोटो काढायची घाई करू नये. प्रत्येकाचा फोन वेगळा असतो आणि प्रत्येकात काहीतरी अडकलेलं असतं. बहुतेकांची जागा सुप्रभातच्या चित्रांनी भरलेली असते. व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करून निदान दोन जीबी जागा मोकळी करावी, नाहीतर तिसऱ्या वर्गात नेमक्या वेळी फोटो सेव्ह होत नाही. मग स्क्रीन बंद होण्याची वेळ तीस सेकंदांवरून दोन मिनिटांवर न्यावी. तारीख-वेळ तपासावी. कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू कराव्यात, शटरचा आवाज चालू ठेवावा (फोटो निघाला हे कानाला कळतं) आणि चेहरा गुळगुळीत करणारं ब्यूटी फिल्टर बंद करावं. पॉवरचं बटण दोनदा दाबून कॅमेरा उघडायची सोय असेल तर ती लावून द्यावी.

आता बोटं. वयाबरोबर त्वचा कोरडी पडते आणि स्क्रीनला कोरड्या बोटाचा स्पर्श नीट कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो, जास्त वेळ दाबून धरतो, आणि फोनप्रमाणे कधी व्हिडिओ सुरू होतो तर कधी एका दमात वीस फोटो निघतात. उपाय सोपा आहे: स्क्रीनवरचं बटण सोडून द्यायचं आणि आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो काढायचा. ते बटण बोटाला चाचपून कळावं म्हणून त्याच्या शेजारी फेल्टची एक टिकली चिकटवावी. दुसरी टिकली मागच्या बाजूला, लेन्सपासून बोटभर खाली. फोन आडवा धरला की डाव्या हाताचं बोट लेन्सवर येतं आणि फोटोच्या कोपऱ्यात गुलाबी ढग दिसतो. बोटाला टिकली लागली की हात आपोआप मागे सरतो.

चष्म्याचा प्रश्न वेगळा. दोन भागांचा चष्मा असेल तर खालच्या भागातून स्क्रीन दिसावी म्हणून मान मागे जाते, तिच्याबरोबर फोनही कलतो, आणि माणसं मागे झुकल्यासारखी दिसतात. फोन छातीच्या उंचीला, डोळ्यांपासून पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवर धरायला सांगावं. नुसता वाचायचा चष्मा असेल तर तो दोरीने गळ्यात हवाच. काही गॉगल पोलराइज्ड असतात. त्यातून पाहताना फोन एका दिशेला धरला की स्क्रीन काळी पडते. फोन बिघडला असं समजून लोक घाबरतात. गॉगल काढला की भागतं.

हात थरथरत असतील तर दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवावीत, खांबाला नाहीतर माडाला पाठ लावावी आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा. दाबताना बसणारा धक्का तीन सेकंदांत जिरतो. घरात फोटो हलण्याचं कारण बहुधा कमी उजेड असतो. अंधार असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात हात हलतो.

दुसरा आणि तिसरा: उजेड

आपली घरं या धड्यासाठी बांधल्यासारखी आहेत. खळं, पडवी, ओटी, माजघर अशी उजेडाची उतरती भाजणीच असते. एका सुपात चार आमसुलं, एक शेंडीचा नारळ आणि दोन सुपाऱ्या ठेवाव्यात. हे सूप दुपारी बारा वाजता खळ्यात, मग ओटीच्या कडेला, मग माजघरात, आणि शेवटी माजघराच्या खिडकीपाशी ठेवून चार फोटो काढायला सांगावेत. चारही फोटो शेजारी शेजारी पाहिले की बोलावं लागत नाही. खळ्यात नारळाची एक बाजू पांढरी फटक आणि सावली काळी. ओटीच्या कडेला शेंडीचा एकेक धागा दिसतो. माजघरात सगळं पिवळट आणि दाणेदार. खिडकीपाशी एका बाजूने उजेड येतो, म्हणून सुपाची वीण उठून दिसते. आमसुलांवर मात्र लक्ष ठेवावं: गडद लाल रंग फोनला झेपत नाही, सुरकुत्या जाऊन लाल डाग उरतो. तिथे उजेड थोडा उतरवावा.

तो उतरवायचा कसा, हा पुढचा धडा. स्क्रीनवर ज्याला महत्त्व द्यायचं त्यावर एकदा बोट टेकवायचं. चौकोन किंवा गोल येतो आणि बाजूला छोटा सूर्य दिसतो. सूर्य वर ओढला की फोटो उजळतो, खाली ओढला की गडद होतो. आठ वर्गांत एवढी एकच गोष्ट पक्की झाली तरी वर्ग चांगला झाला असं मानावं, कारण किनाऱ्यावरच्या निम्म्याहून अधिक फसलेल्या फोटोंचं मूळ इथेच असतं. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं समजून उजेड ठरवतो. चमकणारी वाळू आणि आभाळ समोर आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो आणि माणसाचा चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्य वर न्यावा. दशावताराच्या खेळात याच्या उलट होतं: मागे काळोख, तोंडाला रंग, वरून दिव्याचा झोत. कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि रंगवलेला चेहरा पांढरा फट्ट होतो. तिथे सूर्य खाली. फ्लॅश तर बंदच हवा. समोर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर तो उडवू नये, आणि दहा-बारा फुटांपलीकडे त्याचा उपयोगही नसतो. दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवावं. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्याच्याशी हे आकडे जुळतात.

माणसाचा फोटो काढायचा तर त्याला ओटीच्या अगदी कडेला, तोंड खळ्याकडे करून बसवावं. काढणाऱ्याने खळ्यात थोडं बाजूला, स्वतःची सावली पडणार नाही असं उभं राहावं. मागचं माजघर अंधारात राहतं आणि चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. झूम करू नये, दोन पावलं पुढे जावं.

किनाऱ्यावरचा वर्ग

तो सकाळीच घ्यावा. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो. होड्यांचे रंग, जाळी, चेहरे सगळं उजळतं. संध्याकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा काळ्या आकृतीच मिळतात. त्या सुंदर असतात, पण शिकताना त्यात काय चुकलं ते दिसत नाही.

दिवस तिथी पाहून ठरवावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. याच हिशेबाने प्रतिपदा-द्वितीयेला भरती पाऊण ते दीडच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सात ते आठच्या दरम्यान येते. पुनव-अवसेच्या लगत असल्याने पाणीही लांब हटतं. ओल्या वाळूत होड्यांची प्रतिबिंबं मिळतात ती तेव्हाच. सात ते साडेआठ एवढाच वेळ धरावा. खडकांवर कुणालाही नेऊ नये. शेवाळावर पाय घसरला तर वर्ग तिथेच संपतो. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल, डोक्यावर टोपी, आणि चारजणांमागे एक प्लास्टिकची खुर्ची.

बंदरावर, मग ते हर्णै असो की मिरकरवाडा, लिलावाच्या गर्दीत शिरू नये. तिथे माणसं पोटापाण्याचं काम करत असतात. कडेला उभं राहून, विचारून, ओळख काढून फोटो घ्यावा आणि पुढच्या खेपेला त्याची प्रत नेऊन द्यावी. गावातल्या ज्येष्ठांना हे जमतं. त्यांनी दोन शब्द विचारले की समोरची बाई हसून मान वर करते.

खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर पातळ थर बसतो आणि सगळे फोटो धुकट येतात. लुगड्याच्या पदराने किंवा शर्टाने कोरडं पुसलं तर वाळूचे कण काच ओरखडतात. आधी फुंकर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने हलकं पुसणं, शेवटी कोरडं मायक्रोफायबर.

एखादे अण्णा मुलाने दिलेला डीएसएलआर, म्हणजे मोठ्या लेन्सचा कॅमेरा, आणतीलच. व्ह्यूफाइंडरशेजारची (डोळा लावून पाहायच्या खिडकीशेजारची) बारीक चकती फिरवून तो त्यांच्या नजरेला जुळवून द्यावा, पी मोड आणि ऑटो आयएसओ लावावा, म्हणजे उजेडाचा हिशेब कॅमेराच करतो. त्यांना सगळं धूसर दिसत होतं ते बहुतेक वेळा त्या चकतीमुळेच. पावसाळ्यात हा कॅमेरा कपाटात ठेवू नये, लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवावा. नारिंगी जेल घ्यावं. ओल पिऊन हिरवं झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नये, तांदळाची भुकटी आत जाते.

जुने फोटो: दोन पूर्ण वर्ग इथे द्यावेत

वर्गाचं खरं धन हेच आहे. दर पावसात पेट्यांतले, भिंतीवरचे फोटो थोडे थोडे नष्ट होत असतात, आणि त्यातली माणसं ओळखणारे या वर्गातच बसलेले असतात.

फोटो जमिनीवर ठेवून वाकून काढू नये, कंबर धरते आणि सावलीही पडते. परीक्षेचं पॅड टेबलावर भिंतीला टेकवून जवळजवळ उभं करावं. फोटो त्यावर लावताना चिमट्याखाली कागदाची घडी घालावी. टेबल ओटीवर, सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास. आजूबाजूला लाल कोबा किंवा रंगीत चादर असेल तर त्याची छटा फोटोत उतरते, म्हणून टेबलावर पांढरा कागद अंथरावा. शिकणाऱ्याने खुर्चीत बसून कोपरं टेबलावर टेकवावीत. ग्रिडच्या रेषा आणि फोटोच्या कडा समांतर आल्या पाहिजेत. एक बाजू निमुळती दिसत असेल तर फोन कललेला आहे. फार जवळ गेलं की कडा फुगतात आणि काही फोन आपोआप मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोंच्या) लेन्सवर जातात. तीस-चाळीस सेंटिमीटरवर थांबावं, मॅक्रो बंद करावा.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये. चित्राचा थर काचेवरच राहतो आणि उरतो कोरा कागद. त्याचा फोटो काचेसकटच घ्यावा. चकाकी घालवायला फोटो काढणाऱ्याच्या मागे एकाने काळी छत्री उघडून धरावी. काचेत उजेडाऐवजी छत्रीचं काळं दिसतं आणि खालचे चेहरे स्पष्ट होतात.

प्रत्येक फोटोनंतर लगेच फोनवर आवाज रेकॉर्ड करावा: डावीकडून कोण कोण, घर कोणतं, प्रसंग कोणता, अंदाजे साल. नंतर करू म्हटलं की राहतंच. हे फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. साध्या पद्धतीने पाठवले तर ते आकसतात आणि मोठी प्रत छापताना चेहरे फुटतात. बारा मेगापिक्सेलचा मूळ फोटो 10 × 13 इंचांपर्यंत नीट छापता येतो.

प्रदर्शन भरवायचं तर गणपतीत भरवावं, चाकरमानी गावात असतात आणि राहिलेली नावं तेच सांगतात. हवा तेव्हा दमट असते. घरच्या प्रिंटरवरची शाई पसरते, म्हणून लॅबमधून फोटोपेपरवर प्रती करून घ्याव्यात, सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवाव्यात आणि जांभ्याच्या भिंतीला न टेकवता सुतळीवर टांगाव्यात. नावं मागच्या बाजूला लिहावीत. त्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. सीडीवर लिहायचा बारीक मार्कर घ्यावा, आणि लिहिल्यावर प्रती एकावर एक ठेवण्याआधी दहा मिनिटं सुकू द्याव्यात, नाहीतर आजोबांचं नाव खालच्या फोटोतल्या नवरीच्या कपाळावर उमटतं.