पहिल्यांदा घर सोडून पुण्यात येताय? पहिली रूम सोडायला सोपी असेल अशीच घ्या

जून-जुलै आला की आमच्या लातूरकडच्या मुलींचे मेसेज सुरू होतात, ताई पुण्यात अ‍ॅडमिशन झालं, रूम कुठे बघू, भाडं किती पडेल, पप्पा म्हणतायत फ्लॅटच घेऊन टाकू. मी बारावीनंतर इंजिनिअरिंगला इथे आले आणि आता नोकरीही इथेच करते. मधल्या वर्षांत कॉट बेसिस (म्हणजे शेअर रूममध्ये फक्त एका कॉटचं भाडं), हॉस्टेल, पीजी (पेइंग गेस्ट), मैत्रिणींसोबत फ्लॅट असं सगळं करून झालंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. मुली डोळ्यासमोर आहेत पण मुलांनाही बरंचसं लागू पडेल.

मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचंय ते हे की पहिली रूम बघताना ती किती छान आहे हे नंतर बघा, आधी ती सोडायची झाली तर किती पैसे बुडतील आणि किती दिवस आधी सांगावं लागेल ते विचारा. कारण गावाकडे बसून या शहराचा अंदाज येतच नाही. मॅपवर रूम ते कॉलेज सात-आठ किलोमीटर दिसतं आणि आपल्याला वाटतं लातूरमध्ये तेवढ्यात गावाच्या दोन्ही टोकांना जाऊन येतो की आपण, पण इथे सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तेवढ्याला एक तास लागतो आणि पावसात त्याहून जास्त. रूम पार्टनर कशी निघेल, मेस पचेल का, रात्री त्या गल्लीत लाईट असतात का, हे तिथे राहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. आणि होतं काय, घरचे सोबत येतात, परतीची ट्रॅव्हल्स त्याच रात्रीची असते, त्या घाईत एका दुपारीत ११ महिन्यांचा करार, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर एजंटला एक महिन्याचं भाडं असं सगळं होऊन जातं. मग दुसऱ्याच महिन्यात कळतं की इथे नाही निभत, पण घरी सांगायची सोय राहिलेली नसते, कारण पप्पांनी एवढे पैसे भरलेत. मी मुलींना याच एका कारणामुळे वर्षभर त्रास काढताना बघितलंय. आपण पैसे भरले म्हणून त्रास सहन करायचा हे मला अजिबात पटत नाही.

त्यामुळे कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी डोळे झाकून घ्या. नसेल मिळत तर कॉट बेसिस किंवा पीजी, जिथे एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याची नोटीस असते. लॉक-इन पिरियड, म्हणजे ठरलेल्या महिन्यांआधी रूम सोडता येत नाही अशी अट, आहे का हे तोंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं. खेड्यातून येणाऱ्या आणि घरची परिस्थिती बेताची असणाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचा अर्ज नक्की भरा, १९५५ पासून डॉ. अच्युतराव आपटेंनी सुरू केलेलं हे काम चालू आहे, प्रवेश सहज मिळत नाही पण अर्ज करायला हरकत काय आहे. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वर्किंग विमेन्स हॉस्टेल असतात, त्यांची चौकशी आधीपासून लावून ठेवा.

एरियाबद्दल माझं मत सरळ आहे, जिथे रोज जायचंय तिथून चालत नाहीतर एका बसमध्ये पोचता यायला पाहिजे. हिंजवडीला जॉइनिंग असेल तर वाकडकडे बघा, खराडी असेल तर चंदननगर-वडगाव शेरी, मगरपट्टा असेल तर हडपसर. स्पर्धा परीक्षावाले सदाशिव पेठ, नारायण पेठ सोडत नाहीत त्याचं कारणही तेच आहे, अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, पुस्तकांची दुकानं सगळं पायाखाली. पेठेतली रूम जुनी असते, जिना अंधारा असतो, चार कॉट टाकल्या की चालायला जागा उरत नाही, पण जाण्यायेण्यात वेळ जात नाही. मावशी किंवा काका पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहतात म्हणून तिकडे रूम घेऊ नका. त्यांच्याकडे रविवारी जा, त्यांनाही बरं वाटतं.

रूम बघायला गेल्यावर नळ सोडून बघा आणि पाणी किती वाजता येतं ते मालकाला नाही, तिथे राहणाऱ्या मुलींना विचारा. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, त्या दिवशी टाकीत साठा पुरतो का हे त्याच सांगू शकतात. नवीन वाढलेल्या भागात टँकर लागतो, त्याचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे हेही आधीच क्लिअर करून घ्या. लाईट बिलाला सब-मीटर, म्हणजे फक्त तुमच्या रूमचा वेगळा मीटर, असेल तर राहायला गेल्या गेल्या रीडिंगचा फोटो काढायचा आणि मग दर महिन्याच्या १ तारखेला एक. आमच्या एका रूमवर लाईट बिलावरून दर महिन्याला भांडण व्हायचं, कोणी केस वाळवते, कोणी रात्रभर कूलर लावते वगैरे. फोटो ग्रुपवर टाकायला लागल्यापासून निदान आकडा तरी कोणी अमान्य करत नव्हतं. भिंतीची ओल, तुटलेला ड्रॉवर, गिझर, सगळ्याचा व्हिडिओ पहिल्या दिवशीच काढून मालकाला पाठवून ठेवा, डिपॉझिट परत घेताना तोच कामाला येतो.

रूम न बघता एक रुपयाही पाठवू नका. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, टोकन पाठवा, चावी वॉचमनकडे आहे" असा फोन आला तर तो शंभर टक्के फ्रॉड समजून कट करा. पैसे देताना यूपीआयनेच द्या आणि नोटमध्ये डिपॉझिट किंवा जुलै भाडं असं लिहा. आधारची झेरॉक्स मागितली तर त्यावर "फक्त भाडेकरू नोंदणीसाठी" आणि तारीख लिहून द्या. ओरिजिनल मार्कशीट, टीसी कुणाकडेही ठेवायची नाही, कितीही गोड बोलले तरी.

पुढे फ्लॅट भाड्याने घ्याल तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो, नोंदणी केलेलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी केलेला करार नसेल तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. हे माहीत असलं की मालकाशी बोलताना आपला आवाज आपोआप ठाम होतो. आजकाल अंगठा घ्यायला एजंट मशीन घेऊन घरीच येतो, ऑफिसला जावं लागत नाही. पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी वेगळी असते, ती झाली का तेही विचारा.

आता मेस. याबद्दल मला खूप बोलायचंय कारण नवीन मुली पहिल्या महिन्यात आजारी पडतात त्या बहुतेक खाण्यामुळेच. महिन्याचे पैसे एकदम भरू नका, आधी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी ताट घेऊन बघा. दुपारचं जेवण सगळीकडे बरं असतं, रात्री साडेनऊला गेल्यावर पोळी गरम मिळते का, भाजीत दुपारचीच आमटी ओतलीय का, ते बघा. खाडे कसे धरतात ते विचारा. आमच्या मेसवाल्या काकूंचं एक लांबडं रजिस्टर होतं, प्रत्येकीच्या नावापुढे तारखांच्या चौकटी, आदल्या दिवशी "काकू उद्या संध्याकाळी खाडा धरा" म्हटलं की त्या चौकटीत फुली मारायच्या आणि महिना संपला की तेवढी ताटं पुढच्या महिन्यात द्यायच्या. अशी मेस सापडली तर सोडू नका. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गेलात तरच खाडा धरतात, म्हणजे दर शनिवार-रविवार गावी जाणारीचं नुकसान.

आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात हे लक्षात ठेवा. दुपारी फीस्ट असते, रात्री काही नाही, आणि नेमका तोच वेळ घरची आठवण येण्याचा असतो. उपाशी पोटी रडू जास्त येतं, हे मी मनापासून सांगतेय. त्या संध्याकाळची सोय आधीच करून ठेवा, दूध, पोहे, शेंगदाण्याची चटणी, घरून आणलेली धपाटी काहीतरी रूमवर पाहिजेच. पीजीत चालत असेल तर इलेक्ट्रिक केटल घ्या. फ्लॅटवर गेल्यावर गॅस लागला तर ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, त्यामुळे काळ्या बाजारातला सिलेंडर घ्यायची काही गरज नाही.

सामान कमी आणा. गादी, बादली, कुलूप, चादरी, औषधं एवढं बास, कपाट-टेबल पहिल्या दोन-तीन महिन्यांत घेऊ नका, नाहीतर सामानामुळेच रूम सोडवत नाही.

पैशांबद्दल घरी स्पष्ट बोला. डिपॉझिट सोडून पहिल्याच महिन्यात भाडं, मेस, पास, पुस्तकं सगळं एकत्र येतं, आणि एक महिन्याचा खर्च बाजूला पाहिजे म्हणजे अडचण आली तर त्याच दिवशी बॅग उचलून दुसरीकडे जाता येतं. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे मिळून ६०,००० रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, मार्कांची अट, मुदत हे सगळं स्वाधारसाठी समाज कल्याणच्या आणि स्वयंमसाठी आदिवासी विकास विभागाच्या ऑफिसात जाऊन नीट विचारून घ्या, आणि दाखले गावाकडून निघायच्या आधीच काढा, नंतर एका शिक्क्यासाठी तहसीलला जायला दोन दिवस मोडतात. हे पैसे उशिरा जमा होऊ शकतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर भाडं ठरवू नका. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजनाही आहे, तिची चौकशी कॉलेजमध्येच करा, त्यात काम करण्यात कमीपणा काहीच नाही.

घरच्यांशी रोज बोला पण वेळ ठरवून बोला. माझी आई सुरुवातीला फोन उचलला नाही की लगेच रूम पार्टनरला लावायची, मग आम्ही रात्री जेवण झाल्यावरची वेळ ठरवली आणि दोघींचाही जीव शांत झाला. "सगळं छान आहे" एवढंच सांगू नका, आज काय जेवले, बस कुठली मिळाली, शेजारची मुलगी कुठली आहे असं बारीकसारीक सांगा, त्याने त्यांना तुमचं राहणं डोळ्यासमोर दिसतं आणि काळजी कमी होते. रूमचा पत्ता, मालकाचा नंबर, एका रूम पार्टनरचा नंबर घरी लिहून द्या. रात्री कधी रस्त्यात भीती वाटली तर ११२ लावायला लाजू नका. आणि गावी जायचं वाटलं तर जा, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मात्र पहिले दोन-तीन वीकेंड इथेच काढा असं मी सांगेन, त्याच दिवसांत ओळखी होतात, नंतर सगळ्यांचे ग्रुप जमलेले असतात.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कळतं की कोणाशी पटतंय, कुठली बस वेळेवर येते, किती भाडं झेपतं. फ्लॅटचा विचार तेव्हा करा, दोघी-तिघी जमलेल्या मैत्रिणी मिळून. भांडी कोण घासणार, पाहुणे किती दिवस, मधेच एखादी सोडून गेली तर तिचा हिस्सा कोण भरणार हे करार करायच्या आधी बोलून घ्या. जुन्या रूमची नोटीस मेसेजवर तारखेसकट द्या, चावी देताना मीटरचा आणि रिकाम्या रूमचा फोटो काढा, आणि डिपॉझिट किती तारखेला परत मिळणार ते मालकाकडून त्याच चॅटमध्ये लिहून घ्या.