पटावर नक्की किती? आयशेचा फॉर्म पहिल्यांदा भरणाऱ्यांसाठी

फोंड्याजवळच्या एका कॉलेजात क्लार्क म्हणून लागले, त्याच वर्षी चवथीची सुट्टी संपता संपता हेडक्लार्कबाईंनी एक फाईल पुढ्यात ठेवली. "आयशे तू कर. नुसती मुलं मोजायचीत." त्या 'नुसती'वर मी भोळेपणाने विश्वास ठेवला.

आयशे म्हणजे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण. २०१०-११ पासून दरवर्षी होतं. विद्यापीठाचा फॉर्म एक नंबरचा, कॉलेजचा दोन नंबरचा, स्वतंत्र संस्थांचा तीन नंबरचा. ताळगाव पठारावरचं आपलं गोवा विद्यापीठ स्वतःच्या विभागांतली मुलं स्वतःच्या फॉर्मात दाखवतं, संलग्न कॉलेजं आपापली. त्यामुळे 'विद्यापीठाची एकूण मुलं' असं कुणी विचारलं, तर कॉलेजं धरून की सोडून, हे आधी विचारून घ्या.

मी पहिल्या दिवशी प्रवेशाच्या पावत्या मोजल्या. आकडा छान भरघोस आला. मग वर्गशिक्षकांकडचे हजेरीपट आले आणि एफवाय बीएस्सीत आठ मुलं कमी. दोघं इंजिनिअरिंगच्या नंतरच्या फेरीत गेली होती, एक नर्सिंगला, एक जहाजावर. बाकीच्यांचा पत्ता वर्गातल्या मुलांनाच ठाऊक. फी भरलेली, नाव रजिस्टरात, मूल मात्र नाही. म्हणून तारीख महत्त्वाची. आयशेची संदर्भ तारीख कितीतरी वर्षं ३० सप्टेंबर होती. तुमच्या वर्षाची कोणती ते सूचनापत्रात बघा आणि त्या दिवशी पटावर कोण होतं तेवढंच मोजा. दाखला नेलेल्यांवर तारखेसकट लाल शाईने खूण करायची सवय मला तेव्हापासून लागली.

खरी फजिती प्रवर्गाच्या तक्त्यात झाली. आडव्या रकान्यांत सर्वसाधारण, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी. खाली ओळी: एकूण, दिव्यांग, मुस्लिम अल्पसंख्याक, इतर अल्पसंख्याक. मी सगळ्या ओळींची बेरीज केली आणि कॉलेज एका रात्रीत फुगलं! खालच्या ओळी 'एकूण'मधल्याच मुलांच्या असतात, त्यात मिळवायच्या नसतात. आपल्याकडे हे नीट समजून घ्यावंच लागतं, कारण ख्रिस्ती गावडा मुलगी एसटीच्या रकान्यात येते आणि इतर अल्पसंख्याकांच्या ओळीतही. मुलगी एकच. सरांनी तक्ता बघून विचारलं, "एवढ्या मुलांना बाकं कुठून आणणार?"

दुसरा गोंधळ शब्दांचा. मंजूर जागा, त्या वर्षी झालेले प्रवेश, पटावरची एकूण मुलं आणि उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेली मुलं हे चार वेगळे आकडे आहेत. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या संस्था-क्रमवारीला, मंजूर जागाही हव्या असतात आणि प्रत्यक्ष मुलंही, शिवाय राज्यातली किती नि बाहेरची किती. फक्त राहिलेला पेपर द्यायला येणारी जुनी मुलं काउंटरवर दिसतात खरी, पण त्यांचं नाव कोणत्याच वर्गात नसतं.

राज्याचा जीईआर, म्हणजे उच्च शिक्षणातल्या एकूण नोंदणीचं प्रमाण, पेपरात छापून येतो, तोही याच नोंदींवरून. वर अंशात उच्च शिक्षण घेणारे सगळे, वयाची अट नाही. खाली छेदात राज्यातली १८ ते २३ वयाची लोकसंख्या. मूल मोजलं जातं ते शिकतं त्या ठिकाणी. म्हणजे सावंतवाडीहून रोज बसने येणारा आमचा मुलगा गोव्याच्या अंशात, आणि पुण्याला शिकणारी माझी मावसबहीण महाराष्ट्राच्या. ती छेदात कुठे धरली जाते, यावर कँटीनमध्ये आमचा चहा थंड झालेला आहे. २०२२ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, तेव्हापासून आमच्याकडे बीए आणि इग्नू या मुक्त विद्यापीठात दुसरी पदवी करणारी मुलगी दोन्हीकडे मोजली जाते. हे आपल्या हातात नाही. आपण आपली नोंद द्यायची.

पूर्वी फॉर्म उतरवून घेऊन भरायचा आणि मग चढवायचा. २०२०-२१ पासून थेट वेबवर भरतात. मधेच वीज गेली तर वैताग येतो, तेव्हा आधी कागदावर बेरजा जुळवा, मगच कीबोर्डला हात लावा. सगळं चढलं की प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या दोन प्रती काढा आणि एक नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत लावा. ते मागायला माणूस येतो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो आणि नेट बंद असतं.